ठळकवाडीची जागा गेली तेव्हा: लक्ष्मणराव किर्लोस्करांचं प्रकरण

बेळगावात किर्लोस्कर रोड माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. सणासुदीला, लग्नसराईत रामदेव गल्लीतनं तिकडं वळलं की पाय ठेवायला जागा नसते. मी लहानपणापासून त्या रस्त्यावरनं कपडे आणलेत, चपला आणल्यात, खरं ज्या भावांच्या आडनावाचा तो रस्ता, त्यांनी वीस-बावीस वर्षं आपल्या गावात धंदा करून शेवटी सगळा पसारा उचलून मिरजेच्या पलीकडं का नेला, हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. गेल्या पावसाळ्यात माझ्यावरच जागा सोडायची वेळ आली तेव्हा बघितलं, आणि एकदा बघायला लागल्यावर सोडवेना.

माझं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत छोटं मशिन शॉप आहे. भाड्याची शेड, तीन लेथ, एक ड्रिलिंग, एक जुनं मिलिंग, नऊ माणसं. फाउंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग, येतात, आम्ही मशिनिंग करून देतो, एवढंच काम. शेडमालकांना तिथं गोडाऊन करायचं होतं, करार संपत आला होता, दोन महिन्यांत रिकामी करा म्हणाले. कागदावर त्यांचं बरोबर होतं म्हणून भांडायलाही तोंड नव्हतं. घरात दादा म्हणाला, शिनोळीला जा की, बाची ओलांडली की महाराष्ट्र, एमआयडीसी आहे, आपल्यातले किती जण गेलेत. बायको म्हणाली, मशिनी विकून टाका आणि कुठंतरी सुपरवायझर म्हणून लागा, निदान रात्री झोप तरी येईल. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो दिवसभर मोबाईलवर अब्जाधीशांच्या गोष्टी बघत असतो, तो म्हणाला, मामा, तुम्ही एखाद्या सेल्फ-मेड माणसाची केस वाचा. मी म्हटलं वाचतो, खरं परदेशातला कुणी नको, जो माझ्याच गावात, माझ्याच धंद्यात, माझ्यासारखाच जागेवरनं उठवला गेला तो वाचतो.

तर हे ते प्रकरण. भाच्याला आधीच सांगितलं की लक्ष्मणरावांना त्यांच्या हयातीत कुणी अब्जाधीश म्हटलं नसतं. किर्लोस्कर नावाला चिकटलेला मोठा पैसा पुढच्या पिढ्यांत आला. त्यांनी स्वतः जे उभं केलं ते त्याच्या आधीचं, पाया भरणीचं, आणि मला तेच बघायचं होतं.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर, जन्म २० जून १८६९, गाव गुर्लहोसूर, सौंदत्तीकडचं, म्हणजे आपलाच जिल्हा. घरात मराठी, गावात कन्नड, जी आपल्या सगळ्यांची तऱ्हा तीच त्यांची. शाळेत मन रमलं नाही, हात मात्र दोन गोष्टींत चालायचा, चित्रात आणि यंत्रात. १८८५ ला, सोळाव्या वर्षी, मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. वडिलांच्या मनात नव्हतं, खरं थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, खर्च त्यांनी उचलला. आणि दोनेक वर्षांनी कळलं की डोळ्यांना काही रंग ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला यापेक्षा वाईट काय सांगणार! त्यांनी रंग सोडले, रेषा धरून ठेवली. मेकॅनिकल ड्रॉइंगला रंग लागत नाहीत, अचूक हात लागतो. त्या हातावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, जिला आज सगळे व्हीजेटीआय म्हणतात, शिकवायची नोकरी लागली. ती संस्था १८८७ ला सुरू झालेली, सगळी यंत्रं नवीकोरी, आणि हे मास्तर शिकवून झालं की वर्कशॉपमध्ये जाऊन त्या यंत्रांशी झटत बसायचे.

याच दिवसांत मुंबईत सायकल दिसायला लागली होती. १८८८ ला भावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा इथं विकायचे, दुरुस्त करायचे, लोकांना चालवायला शिकवायचे. पुढं मोठमोठे पंप आणि इंजिनं करणाऱ्या घराण्याची सुरुवात पंक्चर आणि चेनच्या कामातनं झाली, हे मला फार जवळचं वाटतं. दुकान काढलं तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडलेली नव्हती. भाचा ज्या गोष्टी बघतो त्यात माणूस एका रात्रीत राजीनामा फेकतो आणि सकाळी मालक होतो. हिकडं तसं काही नाही, एक भाऊ पगारावर, एक भाऊ दुकानावर, अशी बरीच वर्षं गेली.

मग प्रमोशनची वेळ आली. जागा लक्ष्मणरावांची होती, दिली एका अँग्लो-इंडियन माणसाला. ते नोकरी सोडून बेळगावला आले.

इथवर वाचून मी वहीत एक ओळ लिहिली होती ती तशीच देतो: डोळे गेले तर रेषा राहिली, नोकरी गेली तर यंत्राची ओळख राहिली. हा माणूस गेलं त्याच्यावर बसून राहत नाही, उरलं काय ते मोजतो. तिसऱ्यांदा त्यांचं जे गेलं ती जमीन, आणि माझं प्रकरण तिथंच सुरू होतं. खरं त्याच्या आधी बेळगावातल्या त्या कारखान्यात काय चाललं होतं ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो.

बेळगावात त्यांनी शेतीच्या अवजारांवर डोकं लावलं. अमेरिकेतली शेतीयंत्रांची पुस्तकं वाचून वाचून त्यांच्या मनात बसलं होतं की या देशात गिऱ्हाईक कोण असेल तर शेतकरी. आधी केलं कडबा कापायचं यंत्र. ते चाललं, आणि का चाललं ते कुणाही शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. अख्खी पेंढी टाकली की बैल पाला ओरबाडतो आणि बुडखा तसाच पायाखाली तुडवतो, कापून टाकलं की सगळं दावणीत संपतं. म्हणजे सकाळी यंत्र घेतलं की संध्याकाळी गोठ्यात फरक दिसतो. ज्याला विकायचंय त्याला समजावून सांगावं लागत नाही, त्याचा बैलच सांगतो.

मग केला लोखंडी नांगर, आणि तो विकेना. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं! माझं एखादं बिल साठ दिवस अडकलं तर माझा जीव वरखाली होतो. माल तयार, पैसा लोखंडात घातलेला, आणि शेतकरी म्हणतोय की लोखंडानं जमीन नासते, विषारी होते. आज आपण सहज म्हणतो की लोक अडाणी होते, मला ते पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यात दुरुस्त करून द्यायचा, धान्यावर काम व्हायचं. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, फाळ मोडला तर तो बेळगावहून आणायचा, रोख पैसे मोजून, आणि तोवर वापसा निघून गेला तर वर्ष गेलं. शिवाय कडब्याच्या यंत्राचा गुण संध्याकाळी दिसतो, नांगराचा दिसायला हंगाम जावा लागतो. खोल नांगरट करून माती उलटी पडली, हरळीच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळल्या, पुढच्या वर्षी तण कमी आलं, तेव्हा कुठं विश्वास बसणार. विषाची गोष्ट ही मला वाटतं वर सांगायला बरी म्हणून सांगितलेली, खालची भीती अशी खरी आणि हिशेबाची होती. आणि ती भीती तोंडी सांगून जात नाही. जोपर्यंत शेजारच्या रानात तो नांगर चालताना आणि पुढच्या वर्षी पीक उभं राहिलेलं दिसत नाही, तोपर्यंत जात नाही.

आणि नांगर ओतणं म्हणजे काय हे तरी कुठं सोपं. आमच्या शेजारच्या फाउंड्रीत एक आप्पा आहेत, आयुष्य मोल्डिंगमध्ये, म्हणजे वाळूचे साचे करण्यात, गेलेलं, आता नुसते बसायला येतात आणि पोरांचे बॉक्स बघतात. त्यांना मी एका दुपारी विचारलं, आप्पा, बिडाचा फाळ कसा ओतायचा ओ? त्यांनी आधी चहा संपवला, मग खाली बसून वाळूत बोटानं फाळाचा आकार काढला, टोकाशी एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "हितं वाळू ठेवायची नाही. हितं लोखंडाचा तुकडा बसवायचा साच्यात. रस त्याला लागला की झटक्यात गार होतोय, मग ते टोक पांढरं पडतंय, कानस लागत नाही त्याला. मागचं अंग वाळूत सावकाश गार होतंय, ते करडं राहतंय, त्यात ड्रिल जातोय." मी म्हटलं, मग सगळंच पांढरं केलं तर? आप्पा म्हणाले, "कर की. पहिल्या धोंड्याला फुटतंय बघ काचेगत." मग उठून स्क्रॅपच्या ढिगातनं एक मोडका तुकडा शोधून आणला आणि उजेडाला धरून दाखवला. मोडलेल्या जागी कडेला दोन-तीन सूत पांढरी चकाकी, आत गेलं की करडा रवा, आणि मधे कुठं एक संपलं आणि दुसरं सुरू झालं ते नखानं दाखवता येईल इतकं स्पष्ट. मी तो तुकडा टेबलावर ठेवलाय. टोक झिजू नये आणि अंग फुटू नये, या दोन गोष्टी एकाच ओतकामात जमवायच्या, हे हाताला कळायला किती फाळ मोडले असतील! आणि कारखान्याचं खरं भांडवल तेच असतं, मोडलेल्या फाळांतनं शिकलेले हात.

आता जागेचं. बेळगाव म्युनिसिपालिटीला नवीन वस्ती वसवायची होती, ठळकवाडी, आज आपण टिळकवाडी म्हणतो ती. किर्लोस्करांचा कारखाना त्या जागेत येत होता. जागा सोडा म्हणून सांगण्यात आलं.

मी म्युनिसिपालिटीला शिव्या द्यायला बसलेलो नाही. त्याच्या दहाएक वर्षं आधी या भागात प्लेग येऊन गेलेला, दाट गल्ल्यांत माणसं कशी मेली ते लोकांच्या डोळ्यासमोर होतं, शहराला मोकळ्या जागेत घरं हवी होती हे कुणालाही पटेल. खरं मला एक खटकतं. नकाशावर बघणाऱ्याला तिथं एक शेड आणि एक धुराडं दिसलं असणार. आत ओतकाम जमलेली, फिटिंग जमलेली माणसं आहेत, आणि दोन वर्षं न विकला गेलेला नांगर आता कुठं शेतकरी विचारायला लागलाय, हे नकाशावर दिसत नाही. त्या दिवसांत शहरानं या कारखान्याला दुसरीकडं कुठंतरी वाजवी जागा धरून दिली असती तर पुढचं सगळं इथं झालं असतं असं मी छातीठोक म्हणत नाही, खरं निदान विचारायला हवं होतं.

लक्ष्मणरावांपुढं काय वाटा होत्या ते मी माझ्यापुरतं मांडून बघितलं, कारण माझ्यापुढंही साधारण त्याच होत्या. एक, भांडत बसणं. त्यात वर्षं जातात, आणि ज्याचं भांडवल मालात अडकलंय त्याला वर्षं परवडत नाहीत. दोन, बेळगावातच आसपास जागा बघणं, विकत घेऊन नव्यानं भट्टी, शेड, सगळं बांधणं, म्हणजे रोख रक्कम पाहिजे, आणि ती कुठनं आणणार. तीन, मुंबईला परत जाऊन नोकरी धरणं. ड्रॉइंग येणाऱ्या, यंत्र कळणाऱ्या माणसाला चाळिशीतही नोकरी मिळाली असती. माझी बायको जे म्हणाली तेच. तिचं चुकीचं नव्हतं आणि लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनी तसं म्हटलं असतं तर त्यांचंही चुकीचं ठरलं नसतं, अंगावर घर असतं बायकांच्या.

चौथी वाट आली औंधहून. लक्ष्मणरावांचं औंधला एका बांधकामाच्या निमित्तानं जाणं-येणं होतं आणि तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. बाळासाहेब १९०९ ला नुकतेच गादीवर आलेले, स्वतः उत्तम चित्रकार. मला नेहमी वाटतं की एका चित्रकाराला दुसऱ्याची रेषा कळली असणार, हे आपलं माझं मत. त्यांनी सांगितलं, माझ्या संस्थानात या, जागा घ्या, कारखाना काढा. कर्जाची मदतही दिली. जागा होती कुंडल रोड स्टेशनजवळ, ३२ एकर.

३२ एकर ऐकायला मोठं वाटतं, खरं तो माळ होता, निवडुंगानं भरलेला आणि सापांचा. पाण्याची ओरड. त्यात चांगलं एकच होतं, रेल्वे. आणि ते एक पुरे होतं. आज बेळगावात मिरजेच्या गाडीत बसा, घटप्रभा, रायबाग, कुडची, मग कृष्णा ओलांडून मिरज, सांगली, भिलवडी आणि मग ते स्टेशन, त्याचं नावच आता किर्लोस्करवाडी आहे. म्हणजे माणूस लांब गेला खरं, त्याच लाईनवर राहिला. कच्चं लोखंड, कोळसा आणायला आणि नांगर पाठवायला डबा लागतो, बैलगाडीनं ओतकामाचा धंदा होत नाही. मोफत मिळालेला माळ रेल्वेपासून दहा मैल आत असता तर ती भेट नसती, ओझं असतं. शिनोळीचं बोलणं चाललं होतं तेव्हा मी हाच हिशेब करत होतो की माझे डबे कुठले, माझी लाईन कुठली.

आणखी एक गोष्ट आपल्या सीमाभागातल्या माणसानं लक्षात घ्यावी अशी. १९१० ला बेळगाव ब्रिटिश मुलखात, त्याच लाईनवरचं रायबाग कोल्हापूर संस्थानात, मिरज वेगळं संस्थान, सांगली वेगळं, आणि कुंडल औंधचं. दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच्या प्रवासात चार-पाच सरकारं बदलायची. आपण एका सीमेवरनं इतकी वर्षं भांडतोय, त्यांनी त्या सगळ्या सीमांतनं वाट काढली. एका ठिकाणी जागा नाही म्हणाले, दुसरीकडचा राजा ये म्हणाला. औंधही काही मोठं संस्थान नव्हे, औंध, आटपाडी, कुंडल असे विखुरलेले तुकडे, उत्पन्न बेताचं. खरं त्या छोट्या राजाला कळलं होतं की माळावर एक भट्टी पेटली तर गाव वसतं. कराडजवळ काचेचा कारखाना, ज्याच्या प्रभाकर कंदिलानं महाराष्ट्रातली घरं उजळली, तो ओगल्यांचा कारखानाही याच संस्थानात उभा राहिला. म्हणजे हे एकदा सुचलेलं औदार्य नव्हतं, बाळासाहेबांचं धोरण होतं.

१० मार्च १९१० ही किर्लोस्करवाडीची तारीख. सुरुवातीला पंचवीसेक कामगार आणि त्यांच्या बायकापोरांना घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर राहायला आले. निवडुंग तोडा, जमीन साफ करा, झोपायला आडोसा करा, आणि मग भट्टी. यातलं काय कठीण होतं असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, माणसं आली हे. चांगल्या गावातनं, बाजार, दवाखाना, नातेवाईक सोडून, सापांच्या माळावर बायकापोरं घेऊन मोल्डर का येतो? पगारासाठी येत नाही, पगार गावातही मिळाला असता. तो येतो कारण त्याला मालकाचं काहीतरी पटलेलं असतं, आणि ते पटणं नोटीस आल्यावर पंधरा दिवसांत तयार होत नाही. ते आधीच्या वर्षांत, न विकलेल्या नांगरांच्या ढिगाशेजारी रोज भट्टी पेटवताना तयार झालेलं असतं.

माणसं ओळखायची त्यांची नजर वेगळीच होती. कागद बघून माणूस घ्यायचे नाहीत. रामूअण्णा होतेच, वसाहतीचं सगळं बघायला. शंभोराव जांभेकर यंत्रांचे जाणकार, मंगेशराव रेगे हिशेबाला, के. के. कुलकर्णी व्यवस्थापनाला, आणि अनंतराव फळणीकर, ज्यांचं शाळेचं शिक्षणही पुरं नव्हतं आणि डोकं मात्र इंजिनिअरचं. रखवालीला तर त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली आणि ती विश्वासाची निघाली. वाडीत शिवाशिव पाळायची नाही हा नियम, १९१० च्या दशकात, खेड्यात. मी आज नोकरीला माणूस घेताना आधी कुठल्या गावचा, कुणाचा, हे विचारतो, आमच्याकडं सगळेच विचारतात, हे लिहिताना मला लाज वाटली म्हणून लिहितोय.

पुढचं भराभर सांगतो कारण ते सगळीकडं लिहिलेलं आहे. पहिलं महायुद्ध लागलं, लोखंड मिळेना, कच्चा माल नाही तर फाउंड्री बंद. तेव्हा शाहू महाराजांनी किल्ल्यांवर पडलेल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले. शाळेत कुणी हे शिकवलं असतं तर मी इतिहास जरा आवडीनं वाचला असता. १९२० ला किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली. थोरला मुलगा शंतनुराव, जन्म १९०३, अमेरिकेत एमआयटीला शिकून १९२६ ला इंजिनिअर झाला आणि परत वाडीवरच आला. नांगर, चरक यांच्या जोडीला पंप आले, इंजिनं आली. १९४१ ला हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, लेथ करायला. १९४६ ला पुण्यात ऑइल इंजिन्स आणि बेंगळूरला इलेक्ट्रिक. शंतनुरावांना १९६५ ला पद्मभूषण. भाच्याला जो मोठ्या आकड्यांचा भाग पाहिजे होता तो इथनं पुढचा.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूरमध्ये गेलं, मधे फक्त ३६ दिवस. गुर्लहोसूरला जन्मलेला, बेळगावात धंदा सुरू केलेला माणूस आपला जिल्हा दुसऱ्या राज्यात गेलेला बघायला राहिला नाही. जन्मशताब्दीला, १९६९ ला, पोस्टानं त्यांच्यावर तिकीट काढलं.

या प्रकरणात मला काय दिसलं ते सांगतो. बरेच जण म्हणतात, बेळगाव सोडलं म्हणून किर्लोस्कर मोठे झाले. दादापण तेच म्हणतो आणि लगेच शिनोळीवर येतो. मला ते अर्धं पटतं. कुंडलला त्यांना जमीन मिळाली, राजाचा आधार मिळाला, हे खरंच. खरं तिथं नेलेलं सगळं बेळगावात तयार झालेलं होतं. फाळ कसा ओतायचा, शेतकरी कशाला बिचकतो, त्याला रानात जाऊन कसं दाखवायचं, कुठला कामगार अडचणीत पाठ दाखवत नाही, हे सगळं वीस-बावीस वर्षांचं शिक्षण होतं आणि त्याची फी इथं भरलेली होती. ज्याच्याकडं हे नाही त्याला ३२ एकर दिले तर तो तीन वर्षांनी निवडुंगासकट परत करेल. जागा बदलून धंदा वाढतो असं नाही आणि गावाला चिकटून राहिलं की टिकतो असंही नाही. हलवताना हलवण्यासारखं काय आहे ते आधी मोजावं लागतं.

गावाच्या बाजूनं बघितलं तर मला वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही. शहरातनं खानापूर रोडनं उद्यमबागेला जाताना मधे टिळकवाडीच लागते. रेल्वेचं पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, आणि मग आमच्या शेड सुरू. ज्या वस्तीसाठी एक कारखाना उठवला, तीच वस्ती ओलांडून आज हजारो माणसं डबा घेऊन कारखान्यांत जातात. कास्टिंग, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिकचे पार्ट, काय होत नाही इथं. हाताचं काम या मातीत आधीही होतं, आताही आहे. फक्त त्याला जागा देताना अजूनही आम्ही शेडचे चौरस फूट मोजतो.

मी शेवटी काय केलं ते लिहून थांबतो. एका रविवारी नऊ जणांना शॉपवर बोलावलं, चहा-भजी मागवली आणि वहीत प्रत्येकाचं लिहून घेतलं, घर कुठं, कसा येतोस, किती वाजता निघतोस. यल्लूरचे तिघं, मच्छेचे दोघं, पिरनवाडीचा एक, अनगोळचे दोघं आणि कंग्राळीचा एक. शिनोळी म्हटल्यावर यल्लूरच्या तिघांना दोन बस बदलून, हिंडलग्यावरनं, जायलाच दीड तास. त्यातला एक बोअरिंगवर, म्हणजे कास्टिंगमधलं भोक आतनं अचूक मापाला कापायच्या कामावर, बसतो, त्याच्या हाताला मी अजून जोडी शोधू शकलेलो नाही. कुणी नाही म्हणालं नाही. तोच म्हणाला, "बघतो की मालक, जमवतो." खरं त्याच्या घरी आई अंथरुणावर आहे हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे.

कंग्राळीच्या पोराला शिनोळी सोयीची पडली असती, त्याला एकट्याला. तसं त्यानं बोलून दाखवलं आणि मी ते वहीत लिहिलं.

मच्छेत एक शेड मिळाली. आधीपेक्षा लहान, क्रेन नाही, लाईटचा लोड वाढवून घ्यायला अर्ज केलाय, मिलिंग बहुतेक विकावं लागेल. भाडं मात्र झेपणारं आहे, आणि आठ जण सायकल-मोटरसायकलवर वीस मिनिटांत पोचतात. कंग्राळीच्या पोराला पेट्रोलचे वेगळे देणार आहे.

काल संध्याकाळी पहिला लेथ जमिनीवरनं सोडवला. फाउंडेशन बोल्ट गंजलेले, दोन कापावे लागले. वडिलांनी सेकंडहँड घेतलेला तो लेथ, वीस वर्षं मी त्याच्यासमोर उभा राहिलोय, हेडस्टॉकवर तेल-धुळीचा थर. बोअरिंगवाल्यानं चिंधी रॉकेलमध्ये बुडवून तो थर पुसला तसं खालनं उठावाचं अक्षर वर आलं, म्हैसूर किर्लोस्कर, हरिहर. पाईप टाकून आम्ही सगळ्यांनी मिळून तो दारापर्यंत सरकवला. सोमवारी टेम्पो येणार आहे.